गृहभेटीत बाळ तपासताना या चुका टाळा

नव्या आशाताईसोबत, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेसोबत, नवजात बाळाच्या गृहभेटीला गेले की मी आधी तिच्या हातांकडे बघते. कोपरापर्यंत साबणाने धुतले की नुसतेच ओले केले? पिशवीतून पहिल्यांदा काय निघालं, थर्मामीटर की फॉर्म? फॉर्म आधी निघाला की पुढचं मला न बघता सांगता येतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक म्हणजे पंधरा सेकंद श्वास मोजून चारने गुणणं. नवजात बाळ एका लयीत श्वास घेतच नाही. भराभर घेतं, चार-पाच सेकंद थांबतं, पुन्हा सुरू. तुमच्या वाट्याला कुठले पंधरा सेकंद आले त्यावर आकडा ४० होईल नाहीतर ७२.

एका पावसाळ्यात सातव्या दिवसाची भेट होती. ताईने फॉर्मवर श्वास ४८ लिहून टाकलं होतं. आई म्हणाली, "मॅडम, कालपासून दूधच पिऊन नाही राह्यला." मी बाळाला दाराजवळच्या उजेडात घेतलं, झबलं वर केलं आणि घड्याळ पोटाशेजारी धरलं. पूर्ण मिनिटात ६६. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजले, ६४. दर श्वासाला बरगडीखाली खड्डा पडत होता. ताईला विचारलं, तू कुठे बघून मोजलंस? ती म्हणाली, "झबल्यावरून." त्या दिवशी नाला उतरायची वाट बघत गाडी पलीकडच्या काठावर उभी होती. बाळ वाचलं. ताई त्यानंतर महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, ते चाललं मला.

६० किंवा जास्त आले की पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर दवाखाना, चर्चा नाही. बाळ रडत असेल, पीत असेल तर थांबा. "मॅडम, अजून तीन घरं आहेत" हे मला सांगू नका. आपल्या गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना हे काम शिकवलं. त्यांनी घरात बसून जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून आपण करतो त्या भेटी तिथूनच आल्या आहेत.

दुसरी चूक वजनाची. स्वेटर, टोपडं, दुपटं सगळ्यासकट बाळ वजनकाट्याच्या झोळीत. २३०० ग्रॅमचं बाळ सहज २५०० भरतं आणि कमी वजनाच्या यादीतून गळतं, म्हणजे ज्याला जास्त जपायचं तेच सुटतं. थंडीची काळजी मलाही असते. मी दार लावते, धुवट सुती कापड झोळीत घालते, त्यासकट काटा शून्यावर आणते, मग उघडं बाळ ठेवते. झोळी खाटेपासून वीतभरच वर. काटा डोळ्यांसमोर यावा म्हणून मी खाली बसते, बाळाला उंच नेत नाही.

नाळेवर हळद, राख, तेल काहीही नाही. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून टाकू नका हे सुनेला सांगून उपयोग नसतो, आजीजवळ बसा. ताप बघायला थर्मामीटर काखेतच, आणि आकडा काहीही असो, तळपाय गार आहेत का ते हात लावून बघा. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची कांगारू पद्धत फोटोपुरती करायची असेल तर करूच नका.

आणि तारखा! दवाखान्यातल्या बाळंतपणाला सहा भेटी, घरच्याला सात. ४२ व्या दिवसापर्यंतच्या सगळ्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेला फॉर्म मला लांबूनच ओळखू येतो. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये, तेही उशिरा, त्यामुळे चिडचिड कळते. माझ्या पिशवीत मात्र पेन तळाशी असतं, घड्याळ, काटा, साबण सगळं काढल्याशिवाय हाताला लागतच नाही.