हेवी लायसन काढताय? एअर ब्रेकच्या या चुका टाळा

साखर कारखाने सुरू व्हायचे दिवस आले की सातारा-कराडकडं हेवी लायसनसाठी धावपळ सुरू होते आणि दरवर्षी घोळ तेच. अठरा पूर्ण झाले की पोरं थेट ट्रकचं लायसन मागतात, पण ट्रान्सपोर्टला वय २० लागतं, आणि लर्निंग काढायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं असावं लागतं. डॉक्टरचा फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ जवळ ठेवा, लर्निंगनंतर ३० दिवस थांबून ६ महिन्यांच्या आत टेस्ट द्या. कागदाचं एवढंच.

खरी गोची हवेच्या ब्रेकची. आपल्याकडं एअर ब्रेकचं वेगळं लायसन नसतं, हेवीतच धरलेलं, त्यामुळं रिव्हर्स जमला की आपण ड्रायव्हर झालो असं वाटतं.

पिकअपवरून आलेल्यांचा पाय आधी सुधरायला लागतो. तेलाचा ब्रेक मऊ लागला की दोन-तीनदा पंप मारायची सवय असते, पण हवेच्या ब्रेकला प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरताय, वरच्या गियरला, आणि पाय सारखा ठक ठक चाललाय, तर एकीकडं हवेच्या प्रेशरचा काटा खाली येतोय, दुसरीकडं चाकातले ब्रेकचे ड्रम तापतायत, आणि ब्रेक लायनरचा वास केबिनमध्ये आला म्हणजे आधीच उशीर झालाय. उतार लागायच्या आधीच खालचा गियर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) असेल तर तो वापरा, पायब्रेक थोडाच पण ठाम दाबा. शिवाय पाय दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला क्षणभर जातो, म्हणून पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटू नका.

सकाळी गाडी चालू केली, हँडब्रेक सोडला तरी जागची हलेना, म्हणून रेस देऊन क्लच जाळणारे बरेच बघितलेत. अरे बाबा, काटा बघ की! मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमधली स्प्रिंग हवा भरल्याशिवाय ब्रेक सोडतच नाही. प्रेशर होईपर्यंत थांबायचं, हवा कमी असल्याचा बझर वाजत असताना निघायचं नाही, आणि चालत्या गाडीत वाजला तर जागा बघून कडेला घ्यायची. तो स्प्रिंगचा चेंबर स्वतः उघडायला मात्र जाऊ नका, आत दाबलेली स्प्रिंग असते, उडाली तर जीव जाईल.

इंजिन बंद केल्यावर काटा भराभर उतरत असेल तर हवा कुठंतरी गळतेय. रेडिओ बंद करून कान द्या, जॉइंटवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

रोज हवेच्या टाकीचा ड्रेन ओढून पाणी काढा. नुसतं पाणी थोडंफार चालतं, पण काळं तेल यायला लागलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय, फिटरला दाखवा, ऊस भरायच्या आधी.