जुन्या कृष्णधवल फोटोंच्या लिमिटेड एडिशन प्रिंट घेताय? या चुका टाळा

प्रिंटखाली पेन्सिलीने लिहिलेलं ‘३/२५’ (म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रिंट) बघून लगेच पैसे काढणं, ही नेहमीची चूक. हा आकडा ठरवला कोणी, ते आधी विचारा. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये ‘मायग्रंट मदर’ हा फोटो काढला तो अमेरिकी सरकारच्या नोकरीत. त्याचा स्कॅन लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. कुणी त्याच्या पंचवीस प्रिंट काढून नंबर टाकले, तर मर्यादा त्या दुकानदाराने घातलेली. भिंतीसाठी खुशाल घ्या, पण पैसे पोस्टरचेच मोजा. आपल्याकडे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे आहे. त्यांची ‘नवी एडिशन’ कुणी दाखवली तर आधी तिथे चौकशी करा.

एडिशन बहुतेक वेळा एका आकारापुरतीच असते. अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांनी आपल्या जुन्याच फोटोंच्या मोठ्या डिजिटल प्रिंट २०१२ मध्ये लिलावात काढल्या, तेव्हा आधीच्या एडिशनच्या प्रिंट घेतलेला एक संग्राहक कोर्टात गेला आणि हरला. फोटो रंगीत होते, पण धडा कृष्णधवलवाल्यांनाही लागू. आकार, छपाईची पद्धत आणि नंबराबाहेरच्या ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ (कलाकाराने स्वतःसाठी काढलेल्या जादा प्रिंट) किती, हे लेखी घ्या.

सगळ्यात महाग पडते ती गफलत वेगळीच: फोटो जुना म्हणून प्रिंटही जुनी धरणं. विंटेज म्हणजे निगेटिव्हनंतर थोड्याच वर्षांत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन १९४० मध्ये वारले. त्यांच्या हातच्या म्हणून विकलेल्या कितीतरी प्रिंटच्या कागदात नंतर ऑप्टिकल ब्राइटनर सापडले. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते हे रसायन फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या दशकात आलं! अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च प्रिंटच्या पाठीवर आणि पांढऱ्या कडेवर धरा. कागद निळसर पांढरा चमकला, तर १९३० ची प्रिंट ही थाप समजा. नाही चमकला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. ब्राइटनर नसलेला कागद नंतरही मिळत होताच. साठच्या दशकातल्या फोटोला तर या चाचणीचा उपयोग जवळजवळ नाहीच.

घरी आणल्यावर लॅमिनेशन नको, चिकटवणं नको. ॲसिड-फ्री माउंट लावून काच प्रिंटपासून दूर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात इमल्शन, म्हणजे कागदावरचा फोटोचा थर, काचेलाच चिकटतं. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते तिथे, फ्रेम लावूच नका.