लॅमिनेटेड बीम आणि प्लेटचं विश्लेषण करताय? निदान या चुका तरी टाळा

डिझर्टेशनचा हंगाम आला की फोन सुरू होतात. "सर, रिझल्ट मॅच होत नाहीयेत." कशाशी मॅच होत नाहीयेत म्हणून विचारलं की एक रंगीत कंटूरचा फोटो येतो. लांबी किती, जाडी किती, लॅमिनेट म्हणजे एकावर एक चिकटवलेले थर, तर त्यांचा क्रम काय, थिअरी कुठली, याचा त्यात पत्ता नसतो. थोडं खोदलं की चूक सापडते, आणि ती बहुतेक वेळा ओळखीचीच निघते. कुणालाही पहिल्यांदा कळत नाही, याबद्दल राग नाही. पण कागदावर चार ओळींचं गणित न करता थेट सॉफ्टवेअर उघडायची जी घाई आहे ना, तिच्याबद्दल आहे.

"लांबी जाडीच्या वीसपट आहे, म्हणजे पातळ"

ही स्टीलची सवय. स्टीलमध्ये ई (ओढण्या-वाकवण्यातला ताठपणा) भागिले जी (शिअरमधला, म्हणजे सरकण्याला विरोध करणारा ताठपणा) हे गुणोत्तर २.६ च्या आसपास असतं, त्यामुळे शिअरकडे काणाडोळा केला तरी फारसं बिघडत नाही. कार्बन-इपॉक्सीच्या एकाच दिशेच्या थरात ई१ (फायबरच्या दिशेचा ई) साधारण १४० गिगापास्कल आणि जी१३ (फायबर आणि जाडी यांच्या प्रतलातला जी) साधारण ५. म्हणजे गुणोत्तर २८. फायबर लांबीच्या दिशेने जबर ताठ, पण थर एकमेकांवर सरकू पाहतात तेव्हा त्यांना अडवायला फक्त रेझिन.

दोन्ही टोकांना साधा आधार आणि सगळीकडे सारखा भार असलेल्या आयताकृती बीमसाठी, शिअरमुळे होणारं डिफ्लेक्शन हे बेंडिंगच्या डिफ्लेक्शनच्या किती पट, ते असं काढा: ०.९६ × (ई/जी) × (जाडी/लांबी)². लांबी जाडीच्या दहापट असेल तर स्टीलला उत्तर येतं अडीच टक्के. वरच्या कार्बन-इपॉक्सीला येतं सत्तावीस टक्के. वीसपट लांबीलाही पावणेसात टक्के उरतातच. हे गणित चहा गार व्हायच्या आत होतं. मी ते केल्याशिवाय कुठलीच फाईल उघडत नाही, आणि समोरच्यानेही केलेलं नसेल तर पुढचं बोलत नाही.

प्लेटमध्ये तर हे आणखी ठळक दिसतं. ०/९०/९०/० (म्हणजे प्रत्येक थरातल्या फायबरचा अंशांतला कोन) अशी चौरस प्लेट, साइन-आकाराचा भार, ई१/ई२ = २५ (ई२ म्हणजे फायबरला आडवा ई), जी१२ आणि जी१३ ई२ च्या निम्मे, जी२३ ई२ च्या ०.२ पट. पॅगानो यांनी १९७० च्या आसपास अशा प्लेटांची त्रिमितीय इलॅस्टिसिटीने अचूक उत्तरं काढून ठेवली, आणि तेव्हापासून जो तो आपली थिअरी त्यांच्याशी ताडून बघतो. लांबी-जाडी गुणोत्तर ४ असताना मधल्या बिंदूचं मितिहीन डिफ्लेक्शन १.९५४ येतं. शिअर विसरणारी क्लासिकल थिअरी सांगते ०.४३१. साडेचारपट फरक! गुणोत्तर १० ला अचूक उत्तर ०.७४३, क्लासिकलचं तेच ०.४३१. गुणोत्तर १०० ला मात्र दोघं जवळजवळ एकत्र येतात.

डिफ्लेक्शन जुळलं की गाडी पुढे

याच प्लेटसाठी, गुणोत्तर ४ ला, मिंडलिनची फर्स्ट ऑर्डर थिअरी १.७१० देते आणि रेड्डींची १९८४ ची थर्ड ऑर्डर थिअरी १.८९४. एकीची चूक साडेबारा टक्के, दुसरीची तीन. पोरं इथे थांबतात, "फर्स्ट ऑर्डर रीझनेबल आहे" असं वाक्य लिहितात आणि पुढच्या चॅप्टरमध्ये फेल्युअर इंडेक्स, म्हणजे थर तुटण्याच्या किती जवळ आहे तो आकडा, काढायला घेतात.

स्ट्रेसचे आकडे उघडून बघा की. वरच्या पृष्ठभागावरचा लांबीच्या दिशेचा स्ट्रेस अचूक उत्तरात ०.७२०. थर्ड ऑर्डर ०.६६५. फर्स्ट ऑर्डर ०.४०६. आणि ज्या क्लासिकल थिअरीला आपण आत्ताच हसलो तिचा आकडा ०.५३९! म्हणजे जाड प्लेटमध्ये स्ट्रेसच्या बाबतीत 'सुधारलेली' थिअरी जुनीपेक्षाही मागे पडली. कारण सरळ आहे. जाड लॅमिनेटमध्ये छेद वाकडा होतो आणि बाहेरच्या थरांत जास्तीचा स्ट्रेस ढकलतो. फर्स्ट ऑर्डर थिअरी छेदाला फिरू देते, वाकडं होऊ देत नाही; थर्ड ऑर्डर देते.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला हवंय काय. डिफ्लेक्शन आणि पहिल्या एक-दोन फ्रिक्वेन्सी हव्या असतील आणि प्लेट मध्यम जाडीची असेल, तर फर्स्ट ऑर्डर खुशाल वापरा, मीही वापरतो. थर कुठे फाटेल हे सांगायचं असेल तर त्या उत्तरावर सही करू नका.

५/६, जिथे तिथे ५/६

ही माझी खास नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

फर्स्ट ऑर्डर थिअरी जाडीभर शिअर स्ट्रेन एकसारखा धरते. खऱ्या एकजिनसी आयताकृती छेदात शिअर स्ट्रेस पॅराबोलासारखा असतो, वर आणि खाली शून्य. दोघांची ऊर्जा सारखी यावी म्हणून शिअर कडकपणाला ५/६ ने गुणायचं, हाच शिअर करेक्शन फॅक्टर. मिंडलिन यांनी १९५१ मध्ये कंपनांच्या बाजूने जाऊन π²/१२ काढला, तोही जवळपास तेवढाच. या सगळ्यात 'एकजिनसी' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो.

एका कॉलेजातले दोन एम.टेकचे विद्यार्थी सँडविच बीम घेऊन आले होते. दोन्हीकडे २ मिलिमीटरच्या ग्लास फायबरच्या स्किन, मध्ये ३० मिलिमीटरचा पीव्हीसी फोम, रुंदी ५०. मधोमध ५०० न्यूटन भार, स्पॅन ६००. त्यांचं गणित म्हणत होतं २.३ मिलिमीटर. डायल गेज दाखवत होता ३.८ च्या आसपास. आधी मशीनवर संशय घेतला, कॅलिब्रेशन झालं. मग सपोर्टचे रोलर बदलले. मग हँड ले-अप करणाऱ्या बिचाऱ्या टेक्निशियनवर खापर फुटलं. शेवटी एकाने शक्कल काढली. स्किनचा ई २० गिगापास्कलवरून उतरवत उतरवत १२ वर आणला आणि उत्तर 'मॅच' केलं. रिपोर्टमध्ये कारण दिलं, फॅब्रिकेशन डिफेक्ट्स.

मी म्हटलं, ठीक, आता स्पॅन ४०० करा आणि आणखी एक टेस्ट घ्या. जुळवलेल्या ई ने उत्तर येत होतं १.२ मिलिमीटर, गेजवर आलं जवळपास १.७. मग कुठे दोघं खुर्चीत बसले.

झालं होतं असं. त्यांच्या प्रोग्रामने सगळ्या थरांचे जी गुणिले जाडी बेरीज केले. स्किनचा जी ३००० मेगापास्कल, फोमचा २७. बेरीज १२,८१०, त्याला ५/६ लावून १०,६७५ न्यूटन प्रति मिलिमीटर. त्यात बहुतेक सगळा वाटा स्किनचा! पण सँडविचमध्ये शिअर स्किन घेतच नाही, तो फोम घेतो. खरा शिअर कडकपणा म्हणजे कोअरचा (मधल्या फोमचा) जी, गुणिले दोन स्किनच्या मध्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले कोअरची जाडी: २७ × ३२² ÷ ३०, म्हणजे ९२२ च्या आसपास. करेक्शन फॅक्टर काढायचाच झाला तर ०.०७ येतो, ५/६ नव्हे. त्यांनी बीमला शिअरमध्ये साडेअकरापट ताठ केलं होतं आणि दोष टेक्निशियनला दिला होता.

ई बदलून जुळवण्यातला धोका लक्षात घ्या. बेंडिंगचं डिफ्लेक्शन स्पॅनच्या घनाने वाढतं, शिअरचं नुसतं स्पॅनने. एका स्पॅनवर एकाची कमतरता दुसऱ्यातून भरून काढता येते, दुसऱ्या स्पॅनवर पितळ उघडं पडतं. म्हणून मी एका स्पॅनच्या टेस्टवर विश्वास ठेवत नाही. निदान तीन स्पॅन घ्यायचे, डिफ्लेक्शनला भार गुणिले स्पॅनने भागायचं आणि स्पॅनच्या वर्गासमोर मांडायचं. सरळ रेष येते. तिचा उतार बेंडिंगचा कडकपणा देतो, आणि उभ्या अक्षाला ती जिथे छेदते तिथून शिअरचा मिळतो. सँडविच बीमचा कडकपणा मोजायच्या एएसटीएम डी७२५० या स्टँडर्डची मूळ कल्पनाही हीच आहे.

फोम नाही, नुसतं लॅमिनेट आहे, तरी फॅक्टर थरांच्या क्रमावर अवलंबून असतो. व्हिटनी यांनी १९७३ मध्ये तो कसा काढायचा हे दाखवलंय. अर्ध्या दिवसाचं काम आहे, करा. आणि "मग मी थर्ड ऑर्डर घेतो, तिला फॅक्टर लागत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: फॅक्टर लागत नाही हे खरं, पण तीही सगळ्या थरांतून एकच गुळगुळीत वक्र ओढते. स्किन आणि कोअरच्या कडकपणात प्रचंड तफावत असली की खरं विस्थापन प्रत्येक सांध्यावर मोडतं. तिथे प्रत्येक थराला वेगळा उतार देणाऱ्या झिगझॅग किंवा लेयरवाइज थिअरीकडेच जावं लागतं.

शिअर स्ट्रेस थेट स्ट्रेनवरून काढणं

या थिअरींत शून्य आणि नव्वदच्या थरांच्या सांध्यावर शिअर स्ट्रेन अखंड, पण जी (ई२ च्या पटीत) एकीकडे ०.५ आणि दुसरीकडे ०.२. गुणाकार केला की ग्राफमध्ये अडीचपटीची उडी. प्रत्यक्षात सांध्यावर शिअर स्ट्रेस अखंड असतो, नाहीतर समतोलच बिघडेल. उपाय जुनाच: थरांच्या पृष्ठभागांना समांतर स्ट्रेस आधी काढा, मग समतोलाची समीकरणं खालून वर इंटिग्रेट करत जा. वरच्या टोकाला शून्य आलं नाही तर कुठेतरी चुकलंय, आणि ही फुकटची तपासणी कुणी का करत नाही ते मला अजून कळलेलं नाही. फक्त एक सांभाळा. यात विस्थापनाचे वरच्या ऑर्डरचे डेरिव्हेटिव्ह लागतात, त्यामुळे चार नोडच्या साध्या एलिमेंटमधून ते काढायला गेलात तर कचरा मिळेल.

लॉकिंग

पातळ प्लेटला मिंडलिन एलिमेंट (फर्स्ट ऑर्डर थिअरीवरचं फायनाइट एलिमेंट) पूर्ण इंटिग्रेशनने चालवलं की प्लेट लोखंडी तवा होते, हलतच नाही. रिड्यूस्ड किंवा सिलेक्टिव्ह इंटिग्रेशन घ्या, नाहीतर लॉकिंग टाळायलाच बनवलेलं एमआयटीसी एलिमेंट. मेश बारीक करून रेटू नका.

काही फुटकळ, पण रोजच्या

डेटाशीटमध्ये जी२३ नाही म्हणून जी१२ च भरणं. ई२ भागिले २(१ + न्यू२३) हे सूत्र त्यासाठीच आहे (न्यू२३ म्हणजे त्याच प्रतलातलं पॉइसन गुणोत्तर).

साइन-भाराच्या उत्तराशी एकसारख्या भाराचं उत्तर ताडणं. यावर बोलायचं तरी काय.

±४५ च्या सिमेट्रिक लॅमिनेटला नेव्हिएरची साइन-मालिकेची पद्धत लावणं. बेंडिंग कडकपणाच्या डी मॅट्रिक्समधले डी१६ आणि डी२६ शून्य नाहीत, ती चालत नाही. त्याच लॅमिनेटचं सममिती धरून पाव मॉडेल घेणं हा याच चुकीचा भाऊ.

बीमचा बेंडिंग कडकपणा म्हणून रुंदी गुणिले डी११ घेणं. अरुंद बीमच्या कडा मोकळ्या असतात, तेव्हा डी मॅट्रिक्स उलटा करा, त्यातला पहिला घटक घ्या आणि रुंदीला त्याने भागा. क्रॉस-प्लायमध्ये फरक जाणवणार नाही, तिरक्या थरांत चांगलाच जाणवेल.

नवीन एफ(झेड), नवीन थिअरी

जाडीभर विस्थापन कसं वाकतं ते सांगणारं फंक्शन म्हणजे एफ(झेड); ज्यांना पेपर हवाय त्यांची ते बदलणं ही आवडती वाट. पॉलिनॉमियल झालं, साइन झालं, हायपरबोलिक झालं, एक्स्पोनेन्शियल झालं. आता यातल्या दोघांची बेरीज करून 'नॉव्हेल' म्हणायचं. या क्षेत्रात आपल्याकडे खरं काम झालंय. आयआयटी मुंबईत तरुण कांत यांनी हायर ऑर्डर थिअरींवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि घुगल व शिंपी यांचे बीम आणि प्लेटवरचे २००१-०२ चे आढावे आजही सुरुवातीला वाचावेत असे आहेत. ते वाचले तरी लक्षात येतं की आपल्याला सुचलेलं फंक्शन बहुधा आधीच कुणाच्या तरी तक्त्यात बसलेलं आहे.

तरीही करायचंच असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह शून्य येतो ना ते पाहा, आणि ०/९० च्या असिमेट्रिक प्लेटवर, गुणोत्तर ४ ला, स्वतःचे स्ट्रेस रेड्डींच्या शेजारी एकाच ग्राफवर छापा. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर असेल तर कन्क्लूजनमध्ये तसंच लिहा.