आक्काच्या स्कूटरला बाजूची चाकं बसवताना

आक्काला पोलिओ झाला तेव्हा ती २ वर्षांची होती, आणि पल्स पोलिओची मोहीम देशात सुरू व्हायला अजून २२ वर्षं होती. उजव्या पायाला कॅलिपर (पायाला ताठ धरणारा लोखंडी आधार), हातात कुबडी. याच अवस्थेत तिने शिक्षण केलं, नोकरी धरली आणि उचगावहून कोल्हापुरात रिक्षाने ये-जा करण्यात पगाराचा मोठा वाटा घातला. मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. मग २०१८ च्या ॲक्टिव्हाला बाजूची दोन चाकं मीच बसवायची ठरवली. ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि ज्यांना वेल्डिंगचा हात आहे त्यांच्यासाठी सगळं लिहितो, चुकीसकट.

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदल करायला वाट आहे, पण ती आरटीओतून जाते. जुन्या कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आला. म्हणून आधी अर्ज, मग ग्राइंडर. बदलाची नोंद आरसी बुकात झाली पाहिजे, लायसन्स त्याच वर्गाचं पाहिजे आणि विमा कंपनीला लेखी कळवलं पाहिजे. पुण्याच्या एआरएआयची (गाड्या तपासून प्रमाणित करणारी संस्था) मान्यता असलेले तयार संच बाजारात मिळतात. वेल्डिंगवर शंभर टक्के भरवसा नसेल तर तोच संच घ्या आणि खालचा मजकूर तो नीट बसलाय का हे तपासायला वापरा.

मोटरसायकल का नाही, असं बरेच जण विचारतात. मोटरसायकलचा मागचा ब्रेक आणि गिअर पायात असतात. ॲक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातात, गिअरची भानगड नाही. शिवाय मोटरसायकलची खरी तीनचाकी करायची म्हणजे मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) काढून रिक्षाचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) बसवावा लागतो. एकाच सरळ ॲक्सलवर दोन चाकं पक्की केली तर वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या वेगाने फिरू शकत नाही, टायर घासतो आणि गाडी वळायला नकार देते. घरच्या कामात मी त्यात पडणार नाही. स्कूटरचं मूळ चाक जागेवर ठेवून दोन्ही बाजूंना मोकळी फिरणारी चाकं देणं हा सुरक्षित मार्ग.

मापं घ्यायला सुरुवात माणसापासून करा. आक्काला स्कूटरवर बसवलं, कॅलिपर घातलेला पाय फूटबोर्डवर कुठे टेकतो ते खडूने आखलं, कुबडी कुठल्या हाताने ठेवते ते पाहिलं. ती डावीकडून चढते, म्हणून डावीकडच्या चौकटीचा पुढचा कोपरा मी ६० मिमी मागे घेतला. हे आधी केलं नसतं तर रोज तिचा कॅलिपर तिथे आपटला असता.

आता चौकट. ॲक्टिव्हात इंजिन आणि मागचं चाक हा एकच गोळा असतो आणि तो पूर्ण शॉकअपवर वरखाली होतो. त्यामुळे इंजिनला काहीही बांधायचं नाही. चौकट चॅसिसला बांधायची: सीटखालून मागे जाणाऱ्या दोन पाइपना आणि फूटबोर्डखालच्या पाइपला, अशा चार ठिकाणी. चॅसिसला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. ६ मिमी प्लेटच्या दोन पट्ट्या पाइपच्या गोलाईत वाकवून घ्या आणि ८.८ ग्रेडच्या एम १० बोल्टने आवळा, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या, सहज सैल न होणाऱ्या) नटसह. चौकटीला ४० बाय ४० ची, ३ मिमी जाडीची एमएस चौकोनी पाइप. टॅक मारायलासुद्धा चौकट गाडीवर ठेवू नका; खुणा करा, काढून जमिनीवर आणा, गुण्यात धरून तिथेच वेल्ड करा. पेट्रोलची टाकी सीटखालीच आहे, आणि बीएस ६ गाड्यांतला इसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वेल्डिंगच्या करंटने जाऊ शकतो.

चाकांपाशी मी सगळ्यात जास्त विचार केला. मोपेडचं पुढचं चाक मिळणं सोपं, पण त्याचा १२ मिमीचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी आधार मिळेल या हिशोबाने केलेला असतो. आपल्या चाकाला आधार एकाच बाजूने. खड्ड्यात दीडशे किलोचा दणका ६० मिमी लांबून बसला तर १२ मिमीचा ॲक्सल वाकणार. २० मिमीचा स्टब (एकाच बाजूने धरलेला आखूड ॲक्सल) घेतला तर जाडी दुपटीपेक्षा कमी वाढते, ताकद मात्र साडेचार पटीहून जास्त, कारण वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. मी ईएन ८ ची (मध्यम कार्बन पोलादाची) सळई लेथवर टर्न केली, मुळाशी काटकोन न ठेवता ३ मिमीची गोलाई दिली (तडा नेहमी त्या कोपऱ्यातूनच सुरू होतो) आणि हबमध्ये ६२०४ ची दोन बेअरिंगं बसवली.

रिम जुन्या बजाज चेतकची घेतली. चेतकचं चाक मुळातच एका बाजूने धरलेलं असतं, म्हणून तर स्टेपनी चटकन बदलता यायची. तिचा ३.५०-१० टायर आणि ॲक्टिव्हाचा ९०/१००-१० टायर उंचीला जवळजवळ सारखे, दोन्हींचा व्यास ४३० मिमीच्या आसपास. ही रिम दोन भागांची असते. हवा भरलेली असताना त्या दोन भागांना जोडणारे नट कधीही सैल करू नका, रिम उडून तोंडावर येते.

प्रत्येक चाकाला स्वतःचा आर्म. आर्मचं पुढचं टोक चौकटीला १६ मिमी बोल्टवर, गनमेटलच्या बुशमध्ये, ग्रीस निपलसह. मागच्या टोकाला स्टब. मध्ये मोपेडचा जुना पण तेल न गळणारा शॉकअप. चाकाला ५० ते ६० मिमी वरखाली व्हायला जागा पाहिजे. बाजूच्या चाकांची मध्यरेषा मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या सरळ रेषेत ठेवा, पुढे-मागे झाली तर वळताना टायर घासतात. मग दोन्ही चाकांच्या बाहेरून दोरी ताणून पुढचं आणि मागचं अंतर मोजा, फरक २ मिमीच्या आत आणा. उजवा आर्म दोन बोल्ट काढून सुटला पाहिजे, कारण ॲक्टिव्हाचं मागचं चाक सायलेन्सर काढल्याशिवाय निघत नाही आणि पंक्चर कधीतरी होणारच.

आता माझी चूक. पहिल्यांदा मी शॉकअप कडक लावले. गाडी इतकी स्थिर उभी राहिली की आक्का खूश, मीही खूश. जुलैच्या पावसात आमच्या गेटसमोरच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि गाडी हळूहळू मागे सरकली. मी मागेच उभा होतो म्हणून धरली. कारण साधं होतं: वजन बाजूच्या चाकांनी उचललं होतं, इंजिनची ताकद जमिनीला देणारं चाक अधांतरी होतं. चाकं बाजूला आधार देण्यासाठी आहेत, गाडी उचलण्यासाठी नाहीत.

यावर घरगुती उपाय आहे. दोन बाथरूम वजनकाटे आणा. बाजूच्या चाकांखाली एकेक ठेवा. मागच्या आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी. चालवणाऱ्या व्यक्तीला सीटवर नीट बसवा. आमच्या गाडीत आक्कासकट एकूण १९५ किलो, त्यातलं मागच्या भागावर साधारण ११७. बाजूच्या प्रत्येक चाकावर २५ ते २८ किलो येईपर्यंत मी स्प्रिंगची बैठक फिरवत गेलो, म्हणजे मधल्या चाकावर साठेक किलो राहिले. दोन्ही काट्यांत फरक ३ किलोच्या वर नको. त्या चढावर गाडी पुन्हा घसरली नाही. मागे सामानाची पेटी लावणार असाल तर पेटी भरून मोजा.

रुंदी किती ठेवायची? आमच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ८८० मिमी. जास्त रुंद केली तर गेटमधून जात नाही, कमी केली तर वळणावर कलंडते. थोडा हिशोब सांगतो, कारण तो माहीत असलेला माणूस वळणावर आपोआप हळू होतो. पुढे एक चाक, मागे रुंदी, म्हणजे टेकण्याचा आकार त्रिकोणी. माणसासकट गाडीचं वजन पुढच्या चाकापासून साठ टक्के मागे पडतं, तिथे त्या त्रिकोणाची अर्धी रुंदी ४४० नाही तर फक्त २६५ मिमी उरते. वजनाचा मध्य जमिनीपासून ६०० मिमीवर. यावरून १० मीटर त्रिज्येच्या वळणावर आतलं चाक ताशी २३-२४ किमीला उचलायला लागतं, आणि शॉकअप एका बाजूला बसला तर त्याआधीच. आक्काला मी ताशी १५ ही मर्यादा सांगितली आहे. घाई असो, पाऊस असो, वळणावर १५.

वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेल्यांना इथे जास्त धोका आहे. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळायला आपण नकळत हँडलची डावी मूठ पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे कलते. बाजूला चाकं आली की गाडी कलत नाही. डावी मूठ ढकलली तर गाडी उजवीकडे जाते. मी स्वतः पहिल्या फेरीत कुंपणाच्या दिशेने गेलो. आक्काने दुचाकी कधीच चालवली नव्हती, तिला हे शिकताना काहीच अडलं नाही. चालवणारा कोणीही असो, लर्निंग लायसन्स हातात आल्यावरही आधी मैदान. आम्ही ८ रविवार सकाळी मैदानावर घालवले: आठ आकडा, थांबणं, मग बाहेरच्या बाजूला अंग झुकणार नाही असं वळणं. शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं. आक्काला कंबरेतून झुकणं जड जातं, म्हणून आम्ही सीटला दोन्ही बाजूंनी ४० मिमीचा फोमचा उंचवटा शिवून घेतला.

रस्ता कडेला उतरता असतो, त्या बाजूला गाडी ओढते, हँडल सतत थोडं उलट धरावं लागतं. खड्डा दोन चाकांच्या मधून काढायची सवय इथे चालत नाही, कारण मध्येही चाक आहे. गाडी मागे घेता येत नाही हे आक्काने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. “बाजारात नाक भिंतीला लावून उभी केली तर मी काढू कशी?” तेव्हापासून ती तोंड बाहेर करूनच लावते.

इंडिकेटर बाहेरच्या टोकाला सरकवा, मागे दोन्ही कोपऱ्यांत लाल रिफ्लेक्टर लावा, नाहीतर रात्री मागच्याला ही नुसती स्कूटर वाटते आणि तो कट मारून बाजूच्या चाकाला घासतो. मडगार्ड टायरपेक्षा रुंद घ्या, साडी किंवा ओढणी आत जाता कामा नये. कुबडीसाठी डावीकडे दोन रबरी क्लिपा, सीटवर बसूनच हाताने काढता येतील अशा.

पहिले १०० किमी झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. चार ठिकाणांपैकी दोन ठिकाणी सैल निघाले. मग प्रत्येक नटावर आणि शेजारच्या प्लेटवर पिवळ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. वरच्या दोन ठिकाणचे नट आक्काला सीटवर बसूनच दिसतात, फूटबोर्डखालच्या दोन ठिकाणचे मी महिन्यातून एकदा खाली झोपून बघतो.