अँटी-टीपीओ जास्त आलाय? रिपोर्ट असा वाचा

गेल्या महिन्यात वहिनीचा दादर स्टेशनवरूनच फोन, लोकलच्या गोंगाटात एवढंच कळलं की थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) ६४० आलाय आणि नॉर्मल ३४ च्या आत लिहिलंय. आवाज रडवेला. मी म्हटलं आधी टीएसएच (थायरॉइडला काम कर म्हणून मेंदूकडून येणारं हार्मोन) किती ते वाच. ३.१ होता, म्हणजे नॉर्मल. मग म्हटलं गाडी पकड, घरी ये, निवांत बोलू.

तर पहिलं टीएसएच बघायचं, मग फ्री टी४ (थायरॉइड बनवते ते हार्मोन), अँटीबॉडीचा आकडा सगळ्यात शेवटी. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली की रक्तात टीपीओ या थायरॉइडमधल्या एन्झाइमविरुद्धच्या अँटीबॉडी दिसतात, यालाच हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला म्हणून. पण ग्रंथीची नासधूस मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात, ही अँटीबॉडी म्हणजे घरात वाळवी आहे हे सांगणारी भुकटी समजा. म्हणून ६४० चे ९६० झाले तर आजार दीडपट वाढला असं अजिबात नाही, आणि दर तीन महिन्यांनी ही टेस्ट करत बसणं म्हणजे पैसे वाया, एकदा पॉझिटिव्ह आली की काम झालं. टीएसएच नॉर्मल असेल तर सहसा गोळी लागत नाही, वर्षातून एकदा टीएसएच करायचा, बस. फक्त बाळाचा विचार चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण गरोदरपणात थायरॉइडवर ताण येतो आणि टीएसएच वर जाऊ शकतो, बाळंतपणानंतरही काही महिने लक्ष ठेवायला लागतं.

ट्रॅब ही थायरॉइडची दुसरी अँटीबॉडी मात्र वेगळं प्रकरण आहे हां. ही अँटीबॉडी टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि ग्रंथीचं बटण दाबूनच ठेवते, मग हार्मोन धो धो, छातीत धडधड, वजन उतरतं, हात थरथरतात, म्हणजे ग्रेव्हज नावाचा आजार. इथे आकड्याला किंमत आहे, कार्बिमाझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) बंद करायच्या आधी डॉक्टर तो बघतात, आणि ती वारेतून बाळापर्यंत जाते म्हणून आधी ग्रेव्हज होऊन गेला असेल तरी गरोदरपणात सांगायचंच.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेताय का? त्यांनी काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटा कमी, टी४ आणि ट्रॅब खोटे जास्त येतात, म्हणजे नसलेला ग्रेव्हज कागदावर दिसतो. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, आणि लॅबवाल्याला सांगा.