मंदीतला कलाबाजार कसा वाचावा: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

कलाव्यवस्थापन शिकणारी किंवा लिलावगृहात नोकरी शोधणारी मुलं हमखास विचारतात, मंदी आली की चित्रांच्या किमती किती पडतात? मी सांगते, आधी चित्रं विक्रीला किती आली ते मोजा. मंदीत भाव उतरण्याआधी आवक आटते. हे एकदा समजलं की या बाजारातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

शेअर घसरला की त्याच दिवशी कळतं, कारण कुणी ना कुणी तो विकतच असतं. चित्राच्या मालकाला मात्र सक्ती नसेल तर तो चित्र भिंतीवर ठेवून थांबतो. पडत्या काळात विकायला येतात ते बहुतेक नाइलाजाने: घरात कुणाचा मृत्यू, घटस्फोट किंवा डोक्यावरचं कर्ज. मी लिलावगृहाच्या कॅटलॉग विभागात काम सुरू केलं ते २००८ च्या पडझडीनंतर. तेव्हा वरिष्ठांचा सगळा वेळ खरेदीदार शोधण्यापेक्षा विक्रेत्यांची समजूत काढण्यात जायचा. चांगलं चित्र बाहेरच येत नव्हतं.

तो काळ नीट अभ्यासण्यासारखा आहे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच संध्याकाळी लंडनच्या सदबीज लिलावगृहात ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टच्या कामांचा दोन दिवसांचा लिलाव सुरू झाला आणि एकूण विक्री ११ कोटी पौंडांच्या वर गेली. कलाबाजारावर मंदीचा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष तेव्हा काहींनी काढला. पण २००७ मध्ये सुमारे ६,६०० कोटी डॉलर असलेली जागतिक विक्री २००९ मध्ये ४,००० कोटींच्या आसपास आली होती. धक्का पोचायला काही महिने लागतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याच पडत्या काळात, फेब्रुवारी २००९ मध्ये, फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सॅं लोराँ आणि त्यांचे साथीदार पिएर बेर्जे यांचा कलासंग्रह पॅरिसमध्ये ३७ कोटी युरोंहून अधिकला गेला. बरीच वर्षं बाजारात न आलेल्या, मालकीचा इतिहास स्वच्छ असलेल्या वस्तूंना तेव्हाही गिऱ्हाईक होतं. विक्रीही लोराँ यांच्या मृत्यूमुळे झाली होती, बाजार चांगला आहे म्हणून नव्हे.

१९९० चं उदाहरणही लक्षात ठेवा. त्या मे महिन्यात व्हॅन गॉगचं डॉ. गाशे यांचं व्यक्तिचित्र ८.२५ कोटी डॉलरला आणि दोन दिवसांनी रेन्वाचं एक चित्र ७.८१ कोटी डॉलरला गेलं. दोन्ही घेणारा एकच, जपानी उद्योगपती र्‍योएई साइतो. जपानमधला फुगा फुटल्यावर इम्प्रेशनिस्ट (एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शैलीच्या) चित्रांची मागणी कोसळली आणि गाशेच्या चित्राचा लिलावातल्या सर्वोच्च किमतीचा विक्रम २००४ पर्यंत टिकला. कुठल्याही शैलीची तेजी पाहताना मी म्हणूनच खरेदीदार किती आणि कुठले, हे आधी विचारते. एकाच देशाच्या पैशावर उभी राहिलेली मागणी त्या देशाबरोबरच बसते.

आता निकालपत्रक कसं वाचायचं ते. हे वर्गात फारसं शिकवत नाहीत, आणि मला त्याची खरंच खंत आहे. जाहीर होणाऱ्या विक्रीकिमतीत खरेदीदाराकडून घेतलेलं शुल्क धरलेलं असतं, अंदाजित किमतीत सहसा ते नसतं. अंदाज १०० ते १५० असताना हातोडा ८५ वर पडला (म्हणजे शेवटची बोली ८५ ची) आणि शुल्क २५ टक्के असेल, तर यादीत १०६ दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, अंदाजात बसलं. प्रत्यक्षात बोली खालच्या अंदाजाच्याही खाली थांबलेली असते. तसंच ऐनवेळी मागे घेतलेले लॉट (लिलावातल्या क्रमांक दिलेल्या वस्तू) बऱ्याचदा विक्रीच्या टक्केवारीत मोजलेच जात नाहीत. म्हणून छापील कॅटलॉग शेजारी ठेवा आणि जे निकालात नाही त्यावर खूण करा. न विकलेली चित्रं किमतींच्या निर्देशांकातही येत नाहीत, त्यामुळे ते निर्देशांक मंदीत वास्तवापेक्षा बरे दिसतात.

हमीचीही माहिती हवी. तेजीत लिलावगृहं विक्रेत्याला किमान रकमेची हमी देतात. २००८ च्या शरद हंगामात त्या हमींचे पैसे अंगावर आले, आणि पुढे ही जोखीम बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे देण्याची पद्धत रुळली. हमी असलेल्या लॉटसमोर कॅटलॉगमध्ये खूण असते. अशा लॉटची विक्री आधीच ठरल्यासारखी असते, तिच्यावरून मागणीचा अंदाज बांधू नका.

गॅलऱ्यांचं गणित वेगळं. जिवंत चित्रकाराची किंमत गॅलरी उघडपणे कमी करत नाही, कारण आधी घेतलेले संग्राहक दुखावतात. मग गुपचूप सूट, हप्ते, लांबणारी देणी. सगळ्यात आधी चित्रकाराचे पैसे अडकतात. हे आजचं नाही. १६७२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर डच कलाबाजार बसला आणि १६७५ मध्ये डच चित्रकार वर्मीर कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याच्या पत्नीने नंतर सांगितलं की त्याला स्वतःची चित्रं विकता आली नाहीत आणि व्यापारासाठी घेतलेली इतरांची चित्रंही अंगावर पडली.

मग नोकरी कुठे मिळेल? विक्री विभागातल्या जागा पहिल्यांदा जातात. मूल्यांकन, वारसाहक्काची प्रकरणं, विमा, चित्र तारण ठेवून कर्ज, मालकीच्या इतिहासाचा शोध, ही कामं उलट वाढतात. २०२४ मध्ये जागतिक विक्री १२ टक्क्यांनी घटून सुमारे ५,७५० कोटी डॉलरवर आली, तरी व्यवहारांची संख्या थोडी वाढली. घट मुख्यतः सर्वात महाग चित्रांत होती. म्हणजे कमी किमतीच्या ऑनलाइन लिलावांना माणसं लागतच होती. झगमगाटी संध्याकाळच्या लिलावापेक्षा तिथे शिकायला जास्त मिळतं, कारण एका आठवड्यात शेकडो वस्तू हाताखालून जातात. चित्राच्या स्थितीचा अहवाल लिहायला आणि विक्रीकरार बारकाईने वाचायला आत्ताच शिकून घ्या.

गॅलरीत मुलाखतीला गेलात तर तिथल्या एक-दोन चित्रकारांशी आधी बोलून घ्या. विकलेल्या चित्राचे पैसे किती दिवसांत मिळतात, एवढंच विचारा. उत्तर देताना ते घुटमळले, तर तुमचा पगारही वेळेवर होईल याची खात्री धरू नका.