शांतारामबापूंचे सुरुवातीचे चित्रपट कसे पाहावेत

व्ही. शांताराम म्हटले की ‘दो आँखें बारह हाथ’ किंवा ‘पिंजरा’ आठवतो. त्यांचे आरंभीचे काम समजून घ्यायचे असेल, तर ही ओळख तूर्त बाजूला ठेवून कोल्हापूरपासून सुरुवात करावी. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते घडले, १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी येथेच प्रभात फिल्म कंपनी उभी केली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. त्या काळातील बहुतेक मूकपट नष्ट झाले असल्याने प्रारंभ १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने करावा.

हा बोलपट प्रथम आवाज बंद करून पाहावा. मूकपटात तयार झालेला दिग्दर्शक केवळ हालचालींतून आणि चेहऱ्यांतून किती सांगू शकतो, हे त्यावरून कळते. मग आवाजासह पाहताना पदांकडे लक्ष द्यावे. तेव्हा पार्श्वगायन नसल्यामुळे गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना चित्रीकरण चालू असतानाच गावे लागे. म्हणून पदाच्या वेळी पात्रे जागच्या जागी खिळलेली दिसली, तरी त्याचा दोष लगेच दिग्दर्शकाच्या माथी मारू नये. तसेच भव्य नेपथ्याचे सगळे श्रेयही त्यांच्या पदरात टाकू नये. ती बाजू फत्तेलालांची होती. (आपल्याकडे दिग्दर्शकाचे नाव मोठे झाले की बाकीचे भागीदार झाकोळतात.)

त्यानंतर ‘अमृतमंथन’ (१९३४) लावावा. राजगुरूचा डोळा पडदा व्यापतो, तेथे थांबून आधीचे आणि नंतरचे दृश्य पुन्हा पाहावे. हा केवळ चमत्कृतीचा सोस आहे, की त्या माणसाची दहशत दाखवायला दुसरा मार्गच नव्हता? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. मराठीत ही भूमिका केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. दोन्ही आवृत्त्या मिळाल्यास तेच प्रसंग लागोपाठ पाहावेत, म्हणजे दिग्दर्शकाने काय ठरवले होते आणि नटाने पदरचे काय घातले, हे वेगळे काढता येते.

‘कुंकू’ (१९३७) मात्र कान देऊन पाहावा, कारण त्यात पार्श्वसंगीताऐवजी घरातले आणि भोवतालचे आवाज योजले आहेत. नायिका नीरेच्या प्रसंगांत कोणता आवाज कोठे सुरू होतो आणि कोठे तुटतो, याची टिपणे ठेवावीत.